सोसायटीतल्या घरांच्या खिडक्या दरमहा पुसून देण्याचं काम घेतोय. दर आणि वेळापत्रक कसं ठरवू?

दर खोलीवर नको, स्लायडिंग खिडकीच्या सरकत्या काचांच्या संख्येवर ठरवा. जाळी आणि ट्रॅक वेगळे धरा, कारण खरा वेळ ट्रॅकमधली माती काढण्यातच जातो. पहिली सफाई जास्त दराने घ्या, तेव्हा कित्येक महिन्यांचा थर निघतो. एका फ्लॅटला घड्याळ लावून पाहा, त्यात जाण्यायेण्याचा वेळ मिळवा, मगच आकडा सांगा.

एक दिवस, एक सोसायटी असं लावा. पश्चिमेच्या खिडक्या सकाळी घ्या. तापलेल्या काचेवर साबण वाळून डाग उरतात. बोअरचं पाणी असेल तर लगेच वायपर मारा, नाहीतर पांढरे ठिपके बसतात. दिवाळीआधीचे आठवडे नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठीच राखा.

आणि ग्रिलबाहेर कुणालाही उतरवू नका, गिऱ्हाईक कितीही पैसे देवो.