ट्रंकेतला आंबट वास

मावशी, बाबा तीस वर्षं एका दैनिकात प्रेस फोटोग्राफर होते. घरी पाहुण्यासारखे. माझ्या बारशालासुद्धा नव्हते. फेब्रुवारी १९८२, गिरणी संप चालू होता. आता आई नाही, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीय. भाड्याच्या वन बीएचकेत त्यांची निगेटिव्हची ट्रंक कुठे ठेवू? तिला आंबट वासही येतो. विचारलं की म्हणतात, "टाक भंगारात," आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतात. मी करू तरी काय?
– एक लेक, डोंबिवली

अगं, तो वास तू एका ओळीत उरकलास! व्हिनेगरच्या बाटलीचं बूच काढल्यासारखा येतो ना? मग तो कुबट वास नव्हे. जुनी फिल्म ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची. आपल्या दमट उकाड्यात ती कुजते आणि तिच्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, म्हणजे व्हिनेगरच. एका रोलचं शेजारच्याला लागतं. फिल्म आक्रसते, वाकडी होते. हे मागे फिरत नाही, थंडाव्यात फार तर सावकाश होतं.

आता डार्करूम आठव. चित्र उमटवणारा डेव्हलपर आणि ते पक्कं करणारा हायपो, यांच्या मधल्या ट्रेमध्ये बहुतेक ठिकाणी हेच ॲसिड पातळ करून ओतलेलं असायचं. तीस वर्षं ज्याच्या बोटांना तो वास होता, त्याला तो ओळखू येणार नाही? ट्रंकेत काय चाललंय हे बाबांना तुझ्या आधी कळलंय. "टाक भंगारात" हा हट्ट नाही गं. गेलेल्या माणसाचे कपडे देऊन टाका म्हणतात ना, तो सूर आहे.

बारशाची तक्रार चाळीस वर्षं टिकलीय, अजून महिनाभर टिकेल. फिल्मचं तसं नाही.

या रविवारी ट्रंक गॅलरीत काढ. रोल प्लास्टिकमधून काढून कागदी पाकिटांत घाल. जास्त वास मारणारे वेगळे ठेव, स्कॅनिंगला तेच आधी जाऊ देत. शेजारी बाबांना खुर्ची दे, हातात पेन्सिल दे. कोण, कुठे, कधी, ते त्यांनी पाकिटावर लिहायचं. निगेटिव्हमध्ये चेहरे काळे आणि केस पांढरे. त्यांच्याशिवाय ओळखणार कोण? "ते सगळं पेपरचं आहे" म्हणून हात झटकतील, तर सांग: वेगळा करार नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी फोटोग्राफरचा फोटो पेपर-मासिकांत छापण्यापुरता पेपरच्या मालकाचा, बाकी हक्क काढणाऱ्याचा. (हे ऐकून बरेच म्हातारे फोटोग्राफर ताठ बसतात.)

पहिलं पाकीट मात्र तू उचल. फेब्रुवारी १९८२. त्या दिवशी कुठे होतात, असं विचारू नकोस. पट्टी उजेडाकडे धर आणि त्यांच्या हातात दे.