रानमुगाचे नमुने आणि जनुकीय विविधता : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रानमूग आणि शेतातला मूग या दोन वेगळ्या प्रजाती आहेत का?

नाही, प्रजाती एकच. पण सह्याद्रीत रानउडीदही उगवतो आणि तो पटकन फसवतो. फुलाशेंगांसह वाळवलेला नमुना वनस्पतिशास्त्रज्ञाला दाखवूनच नाव लिहा.

प्रश्न : जंगलातून आणलेले बी महिनाभर उगवले नाही. मेले का?

बहुधा नाही. कवच कडक असते, पाणी आत शिरत नाही. नाभीच्या (बी शेंगेला जोडलेले असते त्या खुणेच्या) विरुद्ध बाजूला ब्लेडने किंचित खरवडून रात्रभर भिजवा. कवच मऊ करायला आम्लाचे प्रयोग घरी करू नका.

प्रश्न : एका उतारावरच्या 30 झाडांच्या पानांतला डीएनए तपासला. डीएनएवरून झाडांचे गट पाडणाऱ्या 'स्ट्रक्चर' या संगणक प्रोग्रामने दोन गट दाखवले. दोन उगम सापडले असे प्रबंधात लिहू का?

लिहू नका. ही चूक सतत समोर येते. रानमूग बहुतांशी स्वपरागी आहे, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळतो, आणि तडकलेल्या शेंगेचे बी आईच्या आसपासच पडते, त्यामुळे तुमची 30 झाडे दोन-तीन कुटुंबांतलीच असू शकतात. 5 टक्के वारंवारतेचा जनुकप्रकार (एखाद्या जनुकाचे एक रूप) 95 टक्के खात्रीने हाती लागायला मुक्त परागीभवनात साधारण 30 झाडे पुरतात. पूर्ण स्वपरागात 59 लागतात, कारण झाडातल्या जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्याच असतात. म्हणून एकाच उतारावर झाडे वाढवण्यापेक्षा अनेक डोंगरांवर जा, झाडांत अंतर ठेवा, प्रत्येक झाडाची पिशवी वेगळी ठेवा. सगळे बी एका पोत्यात ओतले की विविधता कुठे होती हेच कळत नाही!

शिवाय तो प्रोग्राम गटात मुक्त संकर होतो असे धरून चालतो. स्वपरागी झाडांत त्यामुळे खोटे गट निघतात. गट किती हे ठरवायची 'डेल्टा के' पद्धत तर 'एकच गट' हे उत्तर देऊच शकत नाही. हुबेहूब सारखा डीएनए असलेल्या झाडांतून एकच ठेवा, पीसीए (असे काही न धरता नमुन्यांतले फरक आलेखावर मांडणारी पद्धत) करून पडताळा आणि लिहिण्याआधी संख्याशास्त्रज्ञाला भेटा.

प्रश्न : पाने आठवडाभर प्लास्टिकच्या पिशवीत राहिली. डीएनए तपासणीला चालतील?

नाही, पुन्हा आणा. वाळवायला पानांच्या दहापट वजनाचे सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घ्या. पान 24 तासांत कुरकुरीत व्हायला हवे.

प्रश्न : एक विक्रेता 'डीएनए प्रमाणित, भुंगामुक्त रानमूग' देतो. पेरू का?

साठवणीतल्या भुंग्याला न जुमानणारा रानमूग खरोखर आहे, मादागास्करचा 'टीसी 1966' क्रमांकाचा नमुना. पण तो गुण त्या नमुन्याचा, प्रत्येक रानमुगाचा नव्हे. बी कुठले आणि मार्कर (गुण ओळखायच्या डीएनएतल्या खुणा) कोणते तपासले, हे विक्रेत्याला विचारा. सांगता येत नसेल तर पैसे देऊ नका. शेंगा तडकून हे बी शेतात तण म्हणून पसरते, तेव्हा आधी कृषी विद्यापीठातल्या कडधान्य पैदासकाराचा सल्ला घ्या.