गेटवरच्या एका फुंकरीवर नोकरी सोडू नका

प्रश्न : लोटे-परशुराम एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी अकरा वर्षं ऑपरेटर आहे, परमनंट. पोटाच्या तक्रारीसाठी वैद्यांनी अरिष्ट (आंबवलेला आयुर्वेदिक काढा) दिलं आहे. फर्स्ट शिफ्टला जाताना न्याहारीनंतरचा डोस कंपनीच्या बसमध्येच घेतला. पाच-सात मिनिटांत गेटवर सिक्युरिटीने दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायला लावलं. आकडा आला 22. ‘सही कर, फॉर्म्यालिटी आहे’ म्हणत रजिस्टरमध्ये ‘चूक झाली, माफी असावी’ असं लिहून घेतलं. आता सस्पेंड केलंय, कारणे दाखवा नोटीस आली आहे. एचआरवाले म्हणतात, राजीनामा दे, हिशेब लगेच करतो. मी दारूला शिवतही नाही. काय करू?

उत्तर : आधी एक करा, राजीनामा लिहू नका. कंपनीने काढलं तर त्याविरुद्ध दाद मागता येते. स्वतःहून सोडलीत, तर राजीनामा दबावाखाली दिला हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं.

तुमच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती पाच-सात मिनिटं. अरिष्टांत दारू वरून घालत नाहीत. गूळ आणि आपल्या रानातली धायटीची फुलं घालून काढा आंबवतात, त्यातच अल्कोहोल तयार होतं. बाटलीच्या लेबलावर बारीक अक्षरांत त्याचं प्रमाण छापलेलं असतं, बहुधा 5 ते 10 टक्के. मशीन फुप्फुसातून येणाऱ्या श्वासातलं अल्कोहोल मोजण्यासाठी असतं, पण औषध नुकतंच घेतलं असेल तर ते तोंडातलंच अल्कोहोल मोजतं. हे साधारण 15 ते 20 मिनिटांत विरतं. म्हणूनच तेवढा वेळ थांबवून दुसऱ्यांदा फुंकायला लावायचं असतं. तुमची दुसरी चाचणी झालीच नाही, रक्तही घेतलं नाही. हा मुद्दा उत्तरात पहिला यायला हवा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि तुमचा 22 त्याच मापात असेल तर तो तिच्या खाली येतो. पण त्यावर विसंबू नका. ती मर्यादा गाडी चालवणाऱ्याची. कारखाना शून्याचा नियम करू शकतो आणि लोट्यासारख्या ठिकाणी तो असायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. रिअॅक्टरसमोर पिऊन उभा राहणारा माणूस सबंध शिफ्टचा आणि शेजारच्या वाडीचा जीव धोक्यात घालतो. त्याचं वकीलपत्र घ्यायला मला जड जाईल. तुमची गोष्ट वेगळी आहे, म्हणून इतकं लिहितोय.

1971 साली बच्चूभाई करयानी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तोंडाचा वास, झोकांड्या आणि अडखळतं बोलणं एवढ्यावर माणूस प्यायलेला होता असं पक्कं ठरत नाही. तो फौजदारी खटला होता. कंपनीच्या अंतर्गत चौकशीत पुरावा कमी लागतो, तरी आरोप शाबित करायची जबाबदारी कंपनीचीच.

मला खरी काळजी मशीनच्या चिठ्ठीची नाही, त्या माफीची आहे. चौकशी अधिकारी तीच पुढे करणार. म्हणून नोटिशीच्या उत्तरात स्पष्ट लिहा : ‘मी दारू प्यायलो नव्हतो. वैद्यांनी दिलेलं अरिष्ट चाचणीच्या पाच-सात मिनिटं आधी घेतलं होतं. रजिस्टरमधला मजकूर सिक्युरिटीने सांगितला तसा, फॉर्म्यालिटी समजून लिहिला. ती आरोपाची कबुली नाही.’ दिलेल्या मुदतीतच द्या, एका प्रतीवर पोच घ्या. पोच देईनात तर स्पीड पोस्टाने पाठवा.

त्याच पत्रात मशीनची छापील चिठ्ठी, त्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट (मशीन बरोबर मोजतं याचा दाखला), रजिस्टरच्या पानाची प्रत, गेटवरचं सीसीटीव्ही फुटेज आणि कंपनीचे स्थायी आदेश (कामगारांच्या सेवाशर्तींचे लेखी नियम) मागा. फुटेज जपून ठेवा, असं आजच कळवा, कारण काही दिवसांत त्यावर दुसरं चित्रण चढतं. नोटीस इंग्रजीत असेल तर मराठीत मागा. चौकशीला सहकारी किंवा युनियनचा माणूस सोबत घ्या आणि त्या दिवशी बसमध्ये शेजारी कोण बसलं होतं, ते आठवा. डोस घेताना ज्याने पाहिलं, तो तुमचा साक्षीदार.

घर चालवायची चिंता असेलच. स्थायी आदेश लागू असलेल्या कारखान्यात निलंबनाच्या पहिल्या 90 दिवसांत निम्मा पगार आणि पुढे, विलंब तुमच्यामुळे नसेल तर, 75 टक्के निर्वाह भत्ता द्यावा लागतो. महिना संपला आणि पैसे आले नाहीत, तर लेखी मागा आणि रत्नागिरीच्या कामगार अधिकाऱ्यांकडे तक्रार करा.

आता रक्त तपासून उपयोग नाही. शरीरातलं अल्कोहोल काही तासांतच उतरतं. पुन्हा कधी असं झालं तर नकार देऊ नका, कारण नकाराचाच आरोप होतो. तिथेच दुसरी चाचणी मागा आणि ती नाकारली तर तडक कळंबणीच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन रक्त द्या, वेळेची नोंद घ्या.

अरिष्टाची ती बाटली फेकू नका. उरलेल्या औषधासकट ठेवा आणि वैद्यांकडून तारीख, डोस व वेळ लिहिलेली चिठ्ठी उद्याच आणा.