हक्क जाहीर करून मागताना

गेल्या दोन महिन्यांत आलेली बरीच पत्रे एकाच प्रकारच्या दाव्याविषयी आहेत. कोर्टाने आपला हक्क किंवा आपला दर्जा जाहीर करावा, एवढीच त्या दाव्यात मुख्य मागणी असते. निकालपत्रांत त्याला घोषणात्मक हुकूमनामा म्हणतात आणि कोर्टाच्या आवारात ‘डिक्लरेशनचा दावा’. या अंकात त्या विषयावरची चार पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे व गावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे वडील २०१६ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. आई त्यांच्या आधीच गेली. आम्ही दोन भाऊ व मी एक बहीण. वडिलोपार्जित साडेतीन एकर बागायत जमिनीवर वारस नोंद करताना भावांनी फक्त स्वतःची नावे दिली. सातबारा ऑनलाइन पाहिल्यावर २०२३ मध्ये मला हे समजले. फेरफाराविरुद्ध मी प्रांतांकडे अपील केले आहे. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात की, ‘मी वारस आहे’ एवढेच कोर्टातून जाहीर करून घ्या, फी कमी लागते आणि काम होते. हे बरोबर आहे का? मुदत गेली आहे का?

उत्तर : त्या गृहस्थांचा हेतू चांगला असेल, पण त्यांचा सल्ला पाळू नये असे मी स्पष्टपणे सांगतो. त्या वाटेने गेलेले कित्येक दावे वर्षानुवर्षे चालून शेवटी एका परंतुकावर, म्हणजे कलमाला जोडलेल्या अटीवर, आपटले आहेत.

ते परंतुक विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) च्या कलम ३४ मध्ये आहे. एखाद्या व्यक्तीला कायद्याने विशिष्ट दर्जा किंवा मालमत्तेत हक्क असेल आणि दुसरा कोणी तो नाकारत असेल, किंवा नाकारण्यात त्याचा हितसंबंध असेल, तर त्या दुसऱ्याविरुद्ध दावा करून आपला हक्क जाहीर करून मागता येतो, असे हे कलम सांगते. अशी घोषणा करणे न करणे न्यायालयाच्या विवेकाधीन आहे. परंतु वादीला नुसत्या घोषणेपलीकडे आणखी दाद मागणे शक्य असताना त्याने ती मागितली नाही, तर न्यायालय घोषणा करणार नाही, असे परंतुक पुढे बजावते. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये राम सरन विरुद्ध गंगादेवी या प्रकरणात हेच लागू केले. त्यात काही मिळकत प्रतिवादीच्या ताब्यात असताना वादींनी मालकी जाहीर करून मागितली, ताबा मात्र मागितला नाही, आणि म्हणून दावा चालण्यास पात्र नाही असे ठरले.

यामागचे कारण केवळ तांत्रिक नाही. माझ्या वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक वृद्ध शेतकरी प्लास्टिकच्या पिशवीत हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन आले होते. बेलिफ घेऊन शेतावर कधी जायचे, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी नक्कल उलगडून पाहिली. एकतर्फी झालेल्या त्या निकालात एकच ओळ होती : वादी हे दावा मिळकतीचे मालक आहेत असे जाहीर करण्यात येते. कोणी काही करावे, काही सोडावे, कोठून उठावे, याचा त्यात शब्दही नव्हता. ज्या हुकूमनाम्यात कोणावर काही करण्याची आज्ञा नाही, त्याची दरखास्त, म्हणजे कोर्टामार्फत अंमलबजावणी, होत नाही. ताब्यासाठी नवा दावा लावावा, तर समोरच्याने जमीन बळकावून बारा वर्षे उलटून गेली होती. मालकी त्यांच्या पिशवीत होती आणि जमीन दुसऱ्याच्या नांगराखाली. तेव्हापासून दाव्याचा मसुदा हातात आला की मी आधी त्याचे शेवटचे पान वाचतो.

आपल्या दाव्याच्या शेवटच्या पानावर ‘सबब विनंती की’ या शब्दांनंतर पहिली मागणी घोषणेची असावी, म्हणजे दावा मिळकतीत वादीचा एक-तृतीयांश हिस्सा आहे असे जाहीर व्हावे. तिच्या पाठोपाठ तो हिस्सा सरस-निरस मानाने, म्हणजे जमिनीचा कस पाहून, वाटप करून स्वतंत्र कब्जात मिळावा, वाटप होईपर्यंत भावांनी जमीन विकू नये वा तिच्यावर बोजा चढवू नये, आणि दाव्याच्या तारखेपासून उत्पन्नाचा हिशेब व्हावा, याही मागण्या हव्यात. दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाईसाठी निशाणी ५ चा अर्ज द्यावा. दुय्यम निबंधकांकडे लिस पेंडन्सची, म्हणजे जमिनीवर दावा चालू असल्याची, नोटीस नोंदवून घेण्यास विसरू नये, कारण वाद चालू असताना जमीन घेणाऱ्याला ‘मला ठाऊक नव्हते’ असे पुढे म्हणता येऊ नये. जमीन शेतसारा लागणारी असल्यामुळे कोर्टाने हिस्से ठरवल्यावर प्रत्यक्ष सरी-बांध पाडण्याचे काम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होईल. त्याला वेळ लागतो, याची मनाशी तयारी ठेवावी.

हिश्श्याविषयी शंका बाळगू नये. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील सुधारणा ९ सप्टेंबर २००५ रोजी अमलात आली आणि विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले की मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हक्कदार, आहे, मग २००५ च्या त्या तारखेला वडील हयात असोत वा नसोत. आपले वडील तर २०१६ पर्यंत हयात होते. भावांनी ही जमीन वडिलांची स्वकष्टार्जित होती असे कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, म्हटले तरी फरक पडत नाही, कारण मृत्युपत्र नसल्याने मुलगा व मुलगी समान वारस ठरतात.

आता मुदतीविषयी, आणि ‘नुसते डिक्लरेशन’ किती धोक्याचे आहे हे इथेच दिसते. मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ५८ प्रमाणे घोषणेच्या दाव्याला तीन वर्षे मिळतात आणि ती दाव्यास कारण प्रथम घडल्यापासून मोजतात. याउलट एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून ज्याला वगळले आहे त्याला आपला हिस्सा मागण्यासाठी अनुच्छेद ११० प्रमाणे, वगळल्याचे कळल्यापासून बारा वर्षे मिळतात. शिवाय सहहिस्सेदारांपैकी एकाचा कब्जा हा कायद्याच्या दृष्टीने सर्वांचाच कब्जा असतो. केवळ भाऊ जमीन कसतात म्हणून आपला हक्क बुडत नाही. आपल्याला २०२३ मध्ये कळले आहे, त्यामुळे वाटपाचा दावा मुदतीत आहे. तरीही वेळ दवडू नये.

फीच्या मुद्द्यावर तर तो सल्ला मुळातच फोल ठरतो. महाराष्ट्र शासनाच्या १९९४ च्या अधिसूचनेने महिलांना मालमत्तेच्या वादांत कोर्ट फी माफ आहे. कमी फीच्या मोहाने अपुरी दाद मागण्याचे आपल्याला काहीच कारण नाही.

प्रांतांकडील अपील चालू ठेवावे, पण त्यातून मालकी ठरेल अशी अपेक्षा ठेवू नये. महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे सातबाऱ्यावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, त्यापुढे तिचे बळ जात नाही. फेरफाराने हक्क निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सावर्णी विरुद्ध इंदर कौर या प्रकरणात १९९६ मध्ये सांगितले आहे. गावाकडे अजूनही ‘सातबारा ज्याचा त्याची जमीन’ असे ठामपणे म्हणतात, आणि या समजुतीपोटी किती बहिणी गप्प बसल्या असतील याची मोजदाद नाही.

प्रश्न : मी १९९८ मध्ये नोंदणीकृत खरेदीखताने प्लॉट घेतला. कंपाउंड माझे, ताबा माझा. आता शेजाऱ्याने वकिलामार्फत नोटीस दिली आहे की मला विकणारा मुळात मालकच नव्हता आणि शेजाऱ्याकडे १९९५ चे खरेदीखत आहे. मी मनाईचा दावा करावा की डिक्लरेशनचा?

उत्तर : दोन्ही, एकाच दाव्यात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अनाथुला सुधाकर विरुद्ध पी. बुची रेड्डी या निकालात याची घडी नीट बसवून दिली आहे. ताबा आपला आहे आणि कोणी उपरा येऊन नुसता त्रास देत असेल, तर कायम मनाईचा दावा पुरतो. अशा माणसाने ‘जागा माझी’ असे तोंडी म्हटल्याने आपल्या मालकीवर सावट येत नाही. आपला शेजारी मात्र नोंदणीकृत दस्त दाखवत आहे आणि तो दस्त आपल्या दस्ताच्या आधीचा आहे. असे सावट असताना नुसती मनाई मागितली, तर कोर्ट आपल्याला सांगेल की आधी मालकी जाहीर करून घ्या. ताबाही गेलेला असता, तर घोषणेबरोबर ताबाही मागावा लागला असता.

शेजाऱ्याच्या १९९५ च्या खरेदीखतात आपण पक्षकार नाही. त्यामुळे ते रद्द करून मागण्याची गरज नाही, ते आपल्यावर बंधनकारक नाही असे जाहीर करून मागितले की पुरे. हा फरक सुहृद सिंग विरुद्ध रणधीर सिंग या २०१० च्या निकालात स्पष्ट केला आहे.

पण दावा लावण्यापूर्वी एक काम मन लावून करावे. आपल्याला विकणाऱ्याकडे मालकी कोठून आली याची साखळी किमान तीस वर्षे मागे शोधावी, इंडेक्स टूच्या, म्हणजे नोंदणी कार्यालयातील दस्तांच्या सूचीच्या, नकला काढाव्यात, जुने फेरफार मिळवावेत. घोषणेच्या दाव्यात वादीला स्वतःच्या हक्काच्या बळावर जिंकावे लागते. प्रतिवादीचे कागद कच्चे आहेत, एवढ्याने हुकूमनामा मिळत नाही. वासवी हाउसिंग सोसायटीच्या प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा बजावले. शेजाऱ्याने प्लॉटचा काही भाग आणखी कोणाला लिहून दिला असेल तर त्यालाही प्रतिवादी करावे, कारण विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे अशी घोषणा दाव्यातील पक्षकारांना आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांनाच बांधते, साऱ्या जगाला नाही. नोटीस आल्याची तारीख जपून ठेवावी, तीन वर्षांची मुदत मोजताना तिचाच विचार होईल.

प्रश्न : माझे वय ७८ आहे. मी मृत्युपत्र केले आहे. माझ्या पश्चात मुलांत वाद होऊ नयेत म्हणून ते वैध असल्याचे कोर्टाकडून आत्ताच जाहीर करून घेता येईल का?

उत्तर : नाही. आपली काळजी मी समजू शकतो, पण मृत्युपत्र आपल्या मृत्यूनंतरच बोलू लागते. तोपर्यंत मुलांना आपल्या स्वतःच्या मालमत्तेत वारसा मिळण्याची केवळ आशा असते, हक्क नसतो, आणि जो हक्क अजून जन्मलाच नाही त्याविषयी न्यायालय घोषणा करत नाही. न्यायालयांनी पुढे उद्भवू शकणाऱ्या प्रश्नांवर मत देत बसावे अशी या कायद्याची रचनाच नाही. कायद्याच्या किंवा वस्तुस्थितीच्या प्रश्नावर सल्ला मागण्याची सोय संविधानाच्या अनुच्छेद १४३ मध्ये आहे, पण ती फक्त राष्ट्रपतींना आणि तीही सर्वोच्च न्यायालयाकडे.

कलम ३४ चा जन्म कसा झाला हे पाहिले की ही मर्यादा उमगते. अमलात आणता येईल अशी दाद सोबत नसेल, तर नुसती घोषणा करण्यास इंग्लंडमधील चॅन्सरी न्यायालय नाखूष असे. १८५२ च्या कायद्याने ती अडचण दूर केली. आपल्याकडे ही तरतूद १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम १५ म्हणून आली, १८७७ मध्ये विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचे कलम ४२ झाली आणि १९६३ मध्ये कलम ३४. जुन्या निकालांत म्हणूनच सर्वत्र ‘कलम ४२’ दिसते. प्रत्यक्ष नुकसान होण्याची वाट न पाहता वाद मिटावा, हा तिचा हेतू. पण वाद मात्र खरा हवा.

आपण मृत्युपत्र नोंदवून ठेवावे, साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण निवडावेत आणि त्या दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा.

प्रश्न : माझ्या मुलीचे ठरलेले लग्न मोडले. एक माणूस तिचा नवरा असल्याचे सांगत फिरतो आणि नोटरी केलेला कागद दाखवतो. त्यावरील सही तिची नाही. लग्न कधीच झालेले नाही. ‘ही त्याची पत्नी नाही’ असे कोर्ट जाहीर करू शकते का?

उत्तर : होय. दर्जा आहे हे जसे जाहीर होते, तसा तो नाही हेही जाहीर होते. वैवाहिक दर्जाविषयीची घोषणा कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ७ खाली येते, आणि विवाह झालाच नाही अशी नकारार्थी घोषणाही त्याच न्यायालयाकडे मागावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने बलराम यादव विरुद्ध फुलमनिया यादव या २०१६ च्या प्रकरणात ठरवले आहे. आपल्या भागात कुटुंब न्यायालय नसेल तर दिवाणी न्यायालयात दावा करावा. नोटरीच्या शिक्क्याने हिंदू विवाह होत नाही, त्यासाठी कायद्याने मानलेले विधी व्हावे लागतात. ते झाले हे दाखवण्याची जबाबदारी त्या माणसावर येईल, आणि त्याला दाखवता येणार नाही असे आपल्या पत्रावरून दिसते.

इथेही पहिल्या उत्तरातली गोष्ट लागू आहे. नुसती घोषणा मागून थांबू नये. त्या माणसाने आपल्या मुलीला पत्नी म्हणवू नये, तसा कागद कोणाला दाखवू वा प्रसृत करू नये, अशी कायम मनाई त्याच दाव्यात मागावी आणि ती निकालापर्यंत तात्पुरती मिळावी म्हणून पहिल्याच दिवशी अर्ज द्यावा. खोट्या सहीबद्दलची पोलीस फिर्याद वेगळी, ती या दाव्याची वाट पाहत थांबवू नये. दावा मुलीच्या नावाने, तिच्या सहीने व्हावा. तिने भरल्या कोर्टात उभे राहण्याची भीती बाळगली असेल तर तिला हे सांगावे : त्याच अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे पक्षकारांपैकी कोणी एकाने तशी इच्छा व्यक्त केली, तर कुटुंब न्यायालयाला सुनावणी बंद दाराआड घ्यावीच लागते.