डगमगत्या चेंडूवर वजने उचलावीत का?

प्रश्न : माझे वय ६६ आहे. गेल्या पावसाळ्यात अंगणात पाय घसरून पडले, तेव्हापासून व्यायामशाळेत जाते. तेथील प्रशिक्षक मला बोसू नावाच्या अर्धगोल रबरी चेंडूवर उभे करून, दोन्ही हातांत डंबेल्स देऊन बैठका काढायला लावतात. यामुळे ताकद आणि तोल दोन्ही एकदम सुधारतात, असे ते म्हणतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : यातले तोलाचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे, ताकदीचे तितकेसे नाही. तोल सांभाळताना मेंदू डोळे, अंतर्कर्ण आणि पाय या तिघांकडून येणाऱ्या संवेदनांवर विसंबतो. पायाखालचा पृष्ठभाग मऊ झाला की पायाकडून येणारी संवेदना अस्पष्ट होते आणि घोट्याला सतत दुरुस्ती करत राहावी लागते. अनवाणी पायाने, घडी घातलेल्या गोधडीवर एका पायावर उभ्या राहिलात, तर घोट्यासमोरच्या कंडरा क्षणाक्षणाला वर उठताना आणि दबताना दिसतील. घोटा मुरगळलेल्या खेळाडूंना डगमगती फळी देतात ती याचसाठी.

ताकद मात्र भाराने वाढते. डगमगत्या जागी स्नायूंची बरीच मेहनत सांधे स्थिर ठेवण्यातच खर्च होते. २००४ साली कॅनडातील संशोधकांनी मोठ्या व्यायाम-चेंडूवर पाठ टेकून छातीच्या जोराने रेटा द्यायला लावला, तेव्हा स्थिर बाकाच्या तुलनेत सुमारे ६० टक्के कमी जोर लावता आला, जरी स्नायूंची विद्युत-हालचाल, म्हणजे स्नायू किती राबत आहेत याची खूण, जवळपास तेवढीच होती. शिवाय चेंडूवर कमावलेले कसब मुख्यतः चेंडूवरच कामी येते. ठेच लागल्यावर सावरते ते झटकन पुढे टाकलेले पाऊल, आणि त्यासाठी मांड्यांत जोर हवा.

म्हणून बैठका सपाट जमिनीवर काढाव्यात, किंवा डंबेल्स धरून खुर्चीतून उठण्या-बसण्याचा सराव करावा. तोलाचा सराव वेगळा आणि रिकाम्या हातांनी, स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी करावा : आधी एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून दहा सेकंद, मग एका पायावर, आणि ते सहज जमू लागल्यावरच गोधडीवर. फरशीवर गोधडी सरकते, तेव्हा खाली रबरी चटई अवश्य असावी. पासष्टीपुढच्यांनी तोल आणि ताकदीचे असे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

मधुमेहामुळे तळपाय बधिर असतील किंवा चक्कर येत असेल, तर गोधडीवर उभे राहण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.