इन्व्हर्टरच्या हिरव्या दिव्यावर जाऊ नकोस
भर दुपारी सोलरवर चार्ज होताना मीटरवर १४ व्होल्ट दिसले म्हणून बॅटरी भरली असं समजू नकोस. तो चार्जिंगचा व्होल्टेज. खरा आकडा पहाटे, उजाडायच्या आधी. सगळा लोड बंद कर, तास-दोन तास बॅटरीला विसावा दे, मग मल्टिमीटर लाव. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिडला १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ च्या आसपास निम्मी. रोज त्याखाली उतरवलीस तर बॅटरी लवकर जाते. माझी पहिली जोडी दोन पावसाळ्यांत गेली, दोष माझाच.

ट्युब्युलर (पाणी घालायची लेड-ॲसिड) असेल तर महिन्यातून एकदा हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडची घनता दाखवणाऱ्या नळीने, प्रत्येक सेलचं ॲसिड ओढून बघ. मागे पडलेला सेल तिथेच सापडतो. जुने कपडे घाल, थेंब पडला की भोक! लिथियमला मात्र व्होल्टेजवरून फारसं कळत नाही, तिथे शंटवाला मीटरच घे, तो बॅटरीत किती करंट गेला-आला ते मोजतो.