स्टेअरिंग वळवलं, गाडी मात्र सरळच!

प्रश्न: दादा, माझी साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी आहे, म्हणजे इंजिन पुढची चाकं फिरवतं ती. मोकळ्या मैदानावर मस्त बर्फ साचला होता म्हणून मजा करायला घेऊन गेलो, पण गाडी वळतच नाही, जेवढं स्टेअरिंग फिरवतो तेवढी सरळ जाते. बर्फावर मजा करायला मागची चाकं फिरवणारी रिअर व्हील ड्राइव्हच लागते का?

उत्तर: अजिबात नाही. स्वीडनचा रॅली ड्रायव्हर एरिक कार्लसन याने १९६२ आणि १९६३ ला माँटे कार्लो रॅली जिंकली ती साब या स्वीडिश गाडीत, आणि लगेच १९६४ ला मिनी कूपर जिंकली, दोन्ही फ्रंट व्हील ड्राइव्ह. तुमचं काय होतंय सांगतो. बर्फावर टायरला पकड मिळते ती एवढीशी, त्यातली बरीचशी तुम्ही ॲक्सिलरेटरमध्येच घालवता, मग वळायला काही उरत नाही, आणि गाडी वळत नाही म्हणून आपण स्टेअरिंग अजून फिरवतो तेव्हा तर चाकं आडवी होऊन नुसती घासत जातात. आता असं करा, वेग २०-२५ च्या वर नेऊ नका, वळणाच्या थोडं आधी ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच उचला म्हणजे वजन पुढच्या चाकांवर येतं, आणि मग स्टेअरिंग थोडंसंच वळवा. तरी सरळ गेली तर स्टेअरिंग जरा परत सोडा. मनाला पटत नाही हे, पण करून बघा.

एक गोष्ट मात्र हातांनीच शिकायची आहे. पकड सुटते त्या क्षणी स्टेअरिंग एकदम हलकं होतं, जणू खाली काही जोडलेलंच नाही, चाकाखालची करकर थांबते आणि नुसता सर्रर्र आवाज येतो, आणि पकड परत आली की तेच स्टेअरिंग हातात जड लागतं. पहिल्यांदा हे मला कळलं तेव्हा मी अर्धा तास एकाच वळणावर फिरत होतो, उतरावंसंच वाटेना. कार्लसन यात डाव्या पायाने ब्रेक मारायचा, म्हणजे उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच आणि डाव्याने ब्रेकला हलका स्पर्श, मागची बाजू हलकी होऊन घसरते आणि गाडीचं नाक आत येतं. पण आपल्या डाव्या पायाला क्लच खाली दाबायची सवय, त्यामुळे आधी सरळ रेषेत हळू वेगात त्याला ब्रेक शिकवा. आणि बऱ्याच नव्या गाड्या दोन्ही पेडल एकदम दाबले की पॉवर कापतात, तसं असेल तर नाद सोडा, पाय उचलूनही काम होतं.

प्रश्न: स्कॅन्डिनेव्हियन फ्लिक म्हणजे नेमकं काय हो?

उत्तर: डावीकडे वळायचं असेल तर आधी क्षणभर उजवीकडे वळवायचं, पाय उचलायचा आणि लगेच डावीकडे. गाडीचं वजन झोक्यासारखं एका बाजूला जाऊन परत येतं आणि येताना मागची बाजू बाहेर फेकतं. तिथून जिकडे जायचंय तिकडे नजर, हात आपोआप नजरेमागे जातात. स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, चालू असेल तर तो हे होऊच देत नाही, त्यामुळे बंद करावा लागतो, आणि म्हणूनच हा प्रकार फक्त मोकळ्या बंद जागेत, जिथे खांब, कठडा, माणूस, दुसरी गाडी काहीच नाही. रस्त्यावर चुकूनही नाही.

प्रश्न: फोर व्हील ड्राइव्ह घेतली तर विंटर टायर नाही लावले तरी चालेल ना?

उत्तर: नाही. फोर व्हील ड्राइव्ह निघायला मदत करते, थांबायला नाही, ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. ताशी ५० च्या वेगाने कोरड्या डांबरावर ब्रेक मारला तर गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते, गुळगुळीत बर्फावर जवळपास १०० मीटर घेते. विंटर टायरचं रबर थंडीत मऊ राहतं, फरक तिथे पडतो. आणि हो, शून्याच्या जवळचा ओला बर्फ उणे २० च्या बर्फापेक्षा जास्त घसरडा असतो, ऊन पडलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

प्रश्न: गोठलेल्या तळ्यावर गाडी नेली तर चालेल का? मित्र म्हणतात काही होत नाही.

उत्तर: मित्रांचं ऐकू नका, बर्फाला भोक पाडून जाडी मोजा. ३० सेंटीमीटर कडक पारदर्शक बर्फ असल्याशिवाय मी तरी नेणार नाही, आणि पांढरट बर्फ असेल तर त्याची ताकद साधारण निम्मीच धरायची. एकाच ठिकाणी मोजून भागत नाही, जिथे झरा किंवा ओढा येऊन मिळतो तिथे बर्फ पातळ असतो, आणि वर स्नोचा जाड थर असेल तर तो गोधडीसारखा थंडी अडवतो, खाली बर्फ वाढतच नाही.

बर्फावर वेगाचं पण गणित आहे. एस्टोनियात थंडी पुरेशी पडली की समुद्रावरून हिउमा बेटापर्यंत सुमारे २५ किलोमीटरचा अधिकृत रस्ता उघडतात, तिथे वेग २५ च्या खाली ठेवायचा नाहीतर ४० ते ७० मध्ये, मधला नाही, कारण गाडीच्या वजनाने बर्फाखाली पाण्यात लाट उठते आणि त्या मधल्या वेगात गाडी लाटेच्या बरोबरीने धावून बर्फ फोडू शकते. सीटबेल्टही काढून ठेवायला लावतात, पटकन बाहेर पडता यावं म्हणून. त्यामुळे पहिल्यांदा जाताय तर जिथे रोज जाडी मोजतात अशा आखलेल्या ट्रॅकवरच जा, बेल्टबद्दल तिथले लोक सांगतील तसं करा, आणि खेळून झालं की दोन-तीन गाड्या गप्पा मारायला एकाच जागी शेजारी शेजारी लावू नका.